पंधरा डिग्री कोणाच्या घरची?

आमच्या सरांचं हाडवैर होतं ते पंधरा डिग्रीशी. माणसाचं वैर भावकीशी असतं, बांधावरच्या शेजाऱ्याशी असतं. सरांचं एका आकड्याशी होतं, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत निभावलं.

अमरावतीच्या कॉलेजात ते आम्हाला फिजिक्स शिकवायचे. उंच, काटक, काळेसावळे. घर अंजनगाव सुर्जीचं, बापाचा पानमळा होता. बोटांना कायम खडू आणि बोलणं अस्सल वऱ्हाडी, वर्गातसुद्धा. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर हा एवढा मोठा पंधरा काढला आणि आमच्याकडे असं पाहिलं की जणू तो आमच्यापैकीच कोणी चोरून आणला होता.

"विमानं बनवणाऱ्या लोकायनं एक दिवस ठरवून ठेवला हाय," सर म्हणाले. "त्याले म्हणतात स्टँडर्ड दिवस. समुद्रकाठी पंधरा डिग्री हवा. विमान किती पळन, किती चढन, सारे आकडे त्या पंधरावर लिहिले. आता मले सांगा, मे महिन्यात, भर दुपारी, अकोल्याले पंधरा डिग्री कोणाच्या घरी असते?"

"बर्फाच्या कारखान्यात, सर!" मागून एक पोरगा ओरडला.

"मंग विमान तिथून उडव, लेका."

वर्ग हसला, पण सर हसले नाहीत. हा विषय त्यांना थट्टेचा वाटतच नसे. मी भातकुलीची, बापाच्या सायकलवर मागे बसून हायस्कूल केलेली, कॉलेजात नवीन. मला वाटलं, हा माणूस थोडा सरकलेला आहे. पुढे कळलं, थोडा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जिनिंगमधून रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, आणवली आणि दोन सारखी पोती. एकात रुई नुसती भुरभुरवून भरली. दुसऱ्यात दोन पोरांना उभं करून पायानं तुडवून तुडवून भरली. मग मला बोलावलं, "उचल वं पोरी." पहिलं पोतं मी एका हातानं उचललं. दुसरं जागचं हललं नाही.

"पोतं तेच. मंग जड काहून झालं?"

"दाबून भरलं म्हणून."

"हां. थंडी हवेले दाबते, ऊन हवेले पिंजते. आता जेटचं इंजिन काय करते? समोरून पोत्यावर पोतं हवा गिळत जाते. उन्हाळ्यातही पोती तेवढीच गिळते, पण आत माल कमी. माल कमी तर जोर कमी. अन् पंखाले टेकाले जी हवा पायजे तीही पातळ. म्हणून भर उन्हात जेट लांबवर पळते, उशिरा उचलते, अन् उचललं तरी रखडत रखडत चढते. तेच हिवाळ्यात सकाळी पाह्य, सरसर वर."

हे अभ्यासक्रमात कुठेच नव्हतं. वायूची घनता हा धडा होता दोन पानांचा, त्यात सरांनी अख्खं विमान घुसवलं होतं. आणि गंमत म्हणजे ते स्वतः जन्मात कधी विमानात बसले नव्हते. एका पोरानं तोंडावर विचारलं, "सर, बसले नाही तर तुम्हाला काय माहीत?" सर म्हणाले, "तू मेला काय कधी? तरी मराले भेतं ना?"

एकदा मी म्हटलं, "सर, अमरावती समुद्रापेक्षा उंच आहे. पुस्तकातच लिहिलंय, हजार फुटांना दोन डिग्री कमी धरायच्या. म्हणजे आपल्या वाट्याला पंधरासुद्धा येत नाहीत, तेराच येतात."

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग टेबलावर थाप मारून म्हणाले, "तेरा! अजून दोन डिग्री चोरल्या साल्यायनं!" त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव लक्षात ठेवलं.

त्यांच्या कोटाच्या एका खिशात कांदा असायचा, ऊन लागू नये म्हणून, आणि दुसऱ्यात पितळी नळीत घातलेला थर्मामीटर. डोक्याला दुपट्टा नाही, छत्री नाही. विमान उघडं उभं राहते तर मी काहून झाकून घेऊ, असं म्हणायचे. पण थर्मामीटर मात्र सावलीतच पाहायचे. कोणी उन्हात धरला की भडकायचे. "उन्हातला पारा हवेचं नाई सांगत, सूर्याचं सांगते. हवेले इचार, सावलीत जाऊन इचार."

आणि सही. सरांची सही म्हणजे एक प्रकरणच होतं. जिथे जिथे सही करत तिथे शेजारी त्या घडीचं तापमान लिहीत. माझ्या सुट्टीच्या अर्जावर लिहिलं होतं: मंजूर, खाली सही, पुढे ३९. एका सहकाऱ्याच्या लग्नात अहेराच्या पाकिटावर: नांदा सौख्यभरे, सही, ४१. हजेरीच्या मस्टरवर त्यांचं तापमान शेजारच्या प्राध्यापकाच्या रकान्यात घुसायचं. प्रिन्सिपॉल पुण्याकडचे, शिस्तीचे. त्यांनी सरांना बोलावून विचारलं, "हा काय प्रकार आहे?"

"सही कोणत्या हवेत केली ते नको कळाले?"

"कोणाला कळायला हवंय?"

"ते नाई सांगता येत. कोणाले तरी कधी तरी लागन."

प्रिन्सिपॉलांनी लेखी सूचना काढली की कॉलेजच्या कागदांवर सहीखेरीज काहीही लिहू नये. शिपाई ती घेऊन सगळ्यांकडे फिरला. सरांनी वाचली आणि खाली लिहिलं: वाचली. सही. ४३.

डिसेंबरात मात्र एखाद्या सकाळी पारा खरोखर पंधरावर यायचा. त्या दिवशी सरांच्या अंगात यायचं. सायकल काढायचे आणि होस्टेलची, प्राध्यापकांच्या घरांची दारं बडवत सुटायचे, "उठा रे, साहेबाची हवा आली!" लोक घोंगड्या पांघरून, शिव्या देत अंगणात यायचे. सर सगळ्यांना उभं करून म्हणायचे, "घ्या छातीत भरून, फुकट हाय. आज त्यायचे सारे आकडे खरे. वर्षातून दोन-चार सकाळी. अन् बाकीचं वर्ष आपुन खोटे हाओ काय? पंचेचाळीस खोटं हाय काय? इथं माणसं राहतात, जगतात, कापूस पिकवतात. हिशेब आपल्या हवेतून करा म्हणा!"

हे ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा, थंडीचा नव्हे. आम्ही बौद्ध होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. दुसऱ्यांनी ठरवलेल्या मापानं आपण सदा कमी भरायचं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. सरांना माझी जात ठाऊक असणार, पण त्यांनी ती कधी काढली नाही. त्यांना माणसाचं एकच दिसायचं, उत्तर बरोबर आहे की चूक.

चिखलदऱ्याच्या सहलीत त्यांनी सबंध घाटभर बसच्या खिडकीतून थर्मामीटर बाहेर धरला होता. वळणावळणाला आकडा ओरडायचे आणि ड्रायव्हर वैतागायचा. दुपारी आम्ही कड्यावर डबे उघडून बसलो. दरीत, आमच्या पायाखाली, गिधाडं गोल गोल फिरत होती. पंख न हलवता वर येत होती, अगदी आमच्या डोळ्यांसमोरून वर जात होती.

पोरांना आयतं सापडलं. "सर, तुमचं पार खोटं! ही पाहा, जसं ऊन तापतं तशी वर चालली. गरम हवा वरच जाते. मग जेटला तर उन्हाळ्यात फायदाच!"

खोटं कशाला सांगू, आम्हा सगळ्यांनाच मनातून तेच वाटायचं. वऱ्हाडातल्या माणसानं उन्हाळाभर पाहिलेलं असतं ते हेच. दुपारी घारी वर, धूळ वर, पाचोळा वर. मग विमानानंच काय घोडं मारलं?

सरांनी आम्हाला पोटावर झोपवलं. "एकच गिधाड धरा. नजर हलवू नका." आम्ही पाहत राहिलो. ते वर्तुळात होतं तोवर चढत होतं. वर्तुळ सोडून बाजूला गेलं की हळूहळू खाली यायला लागायचं.

"काय दिसलं?"

"तेवढ्या जागीच चढतं, सर."

"कारण तेवढ्या जागी हवाच वर चालली हाय. बैलगाडीत बसलेला माणूस पळून राहिला काय? गाडी पळून राहिली. गिधाडाले इंजिन नाई, पोती गिळाची नाईत. जेटले त्याच हवेतून पोट भराचं हाय, अन् ती पिंजलेली. कळलं काय?"

त्याच कड्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, एकदाच. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत ते उत्तरेकडच्या एका विमानतळावर हवामानाच्या कामावर होते. धावपट्टीच्या कडेला एक फळा असायचा, त्यावर तापमान लिहायचं. मे महिन्यातल्या एका दुपारी त्यांनी मोठ्या अक्षरात पंचेचाळीस लिहिलं. खच्चून भरलेलं एक विमान निघालं, पंख्याचं, तेव्हा जेट नव्हती. सबंध पट्टी संपेपर्यंत पळालं, उचललं, आणि चढेचना. पट्टीच्या टोकाला बाभळींची रांग होती.

"बाभळीच्या वर नाई गेलं," सर म्हणाले. "मी लिहिलं होतं. खडूनं, हे मोठं. एकानंही मान वळवून नाई पायलं." मग त्यांनी डब्यातली भाकर खाल्ली. सहीशेजारचा आकडा कुठून येतो ते मला तेव्हा कळलं.

आता प्रॅक्टिकलच्या परीक्षेचं सांगते, कारण ते अजून निवलेलं नाही.

शेवटचं वर्ष. एप्रिलअखेर. तोंडी परीक्षेला दोन परीक्षक बसत, एक कॉलेजातला म्हणजे सर आणि एक विद्यापीठानं पाठवलेला बाहेरचा. प्रत्येक विद्यार्थ्याच्या मार्कांचा वेगळा कागद असे आणि त्यावर दोघांच्या सह्या लागत. एक जरी नसली तरी निकाल अडकायचा. इकडे माझी अकोल्याच्या मुलींच्या शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून निवड झाली होती. जूनमध्ये रुजू व्हायचं, फक्त निकाल दाखवायचा. माझे बाबा तहसील कचेरीत पट्टेवाले होते. त्यांनी सगळ्या वस्तीत सांगून ठेवलं होतं की माझी पोरगी अकोल्याला मास्तरीण होणार.

बाहेरचे परीक्षक जाडजूड, घामाघूम. त्यांच्यासाठी खिडकीला खसची ताटी लावली होती आणि शिपाई तिच्यावर पाणी मारत होता. त्यांनी मला विचारलं, "तापमान वाढलं की वायूची घनता?"

"कमी होते."

"व्यवहारातलं उदाहरण?"

काहीही सांगता आलं असतं. पण सरांची विद्यार्थिनी ना मी! मी म्हणाले, "जेट विमान. उन्हाळ्यात ते हळू चढतं."

ते हसले. "उलट. गरम हवा वर जाते हे शाळेतलं पोरगंही सांगेल. विमानाला तिची मदतच होते. गिधाडं पाहिली नाहीत का कधी?"

"पाहिली, सर. पोटावर झोपून पाहिली." आणि मी सगळं सांगितलं. गिधाड, हवा, पोती, इंजिन.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कागदावरच्या आडनावाकडे पाहिलं. मग सरांकडे झुकून, मला ऐकू जाईल इतपतच आवाज खाली करून म्हणाले, "जाऊ द्या. या लोकांना सवलत द्यावीच लागते हल्ली. मी दयेचे चार मार्क घालतो, होईल पास."

सर म्हणाले, "उत्तर बरोबर हाय."

"मी पास करतो आहे ना?"

"बरोबर हाय असं लिहा. अन् मार्क द्या."

"सिद्ध करता का?" ते चिडले.

सर उठले. तराजूच्या दोन्ही बाजूंना उघड्या तोंडाचे दोन सारखे चंबू उलटे टांगले, काटा मधोमध आणला, आणि एका चंबूखाली स्पिरिटचा दिवा क्षणभर धरून काढला. त्या बाजूचा चंबू हळूच वर गेला.

"वर गेला!" परीक्षक टाळी वाजवून म्हणाले. "तुम्हीच दाखवलंत! गरम हवा वर नेते!"

 मला मात्र इतका संताप आला की भीतीच गेली. मी म्हणाले, "सर, तो वर गेला कारण त्याच्यातला माल बाहेर पडला. चंबू तेवढाच आहे, आत हवा कमी राहिली. तीच कमी हवा इंजिनाला खायची आहे."

 परीक्षकांनी चंबूकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग कागदावर मार्क लिहिले, शेजारी सहानुभूतीचे म्हणून शेरा मारला, सही केली आणि कागद सरांपुढे सरकवला. "नापास करत नाही, दया करतो आहे, एवढं समजा. मला बडनेऱ्याहून गाडी पकडायची आहे."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "गाडी पकडा. माही सही नाई."

मग माझ्याकडे वळले. "पोरी, वर्ष तुयं हाय. तू म्हणशीन तर करतो."

 डोळ्यांसमोर अकोल्याची शाळा, बाबा, सगळी वस्ती. तोंड उघडलं तेव्हा मी काय बोलणार हे मलाही ठाऊक नव्हतं. "मला दया नको," मी म्हणाले. "चुकलं असेल तर चूक म्हणून लिहा आणि नापास करा."

चूक असंही परीक्षकांनी लिहिलं नाही. तसेच उठून टांग्यात बसले.

निकाल लागला. माझ्या नावापुढे "राखून ठेवला." प्रिन्सिपॉलांनी सरांना सांगितलं, सही करा, नाहीतर नोकरीचं काही खरं नाही. सर म्हणाले, "गेली तर गेली. पानं खुडता येतात मले." बाबांना मी एवढंच सांगितलं होतं की सरांची सही राहिली. ते कचेरीचा डगला घालून, पट्टा चकचकीत करून सरांच्या घरी गेले. मी मागे.

"साहेब, एक सही. पोरीचं वर्ष जाते."

"तुमी म्हणता तर आत्ता करतो," सर म्हणाले. "पण कागदावर काय लिहिलं ते पोरीनं सांगितलं काय तुमाले?" आणि त्यांनी सांगितलं. सवलत, दया, या लोकांना, सगळं जसंच्या तसं.

 एक चहा गार झाला, दुसरा आला. मग बाबांनी टोपी घातली. "नका करू सही," म्हणाले. "मी कुणाच्या दयेपायी नाई शिकवली पोरगी." आणि बाहेर येऊन सायकल हातात धरून चालत राहिले. बसले नाहीत.

बाबा बोलून मोकळे झाले, सर अडून मोकळे झाले. शाळा गेली ती माझी. जूनमध्ये त्या जागी दुसरी बाई रुजू झाली. वस्तीतल्या बायका विचारायच्या, काहून वं, कधी जातं अकोल्याले? एका दुपारी मी तडक सरांच्या घरी गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. तुमचं काय जातं? तुमचा पानमळा आहे. तुमचं विमान चढो नाहीतर पडो, माझं आयुष्य काय म्हणून त्याला बांधलं? सर ऐकून घेत होते. मी थांबले तेव्हा त्यांनी लिंबाचं सरबत पुढे केलं आणि खिशातून थर्मामीटर काढून पाहिला.

"चव्वेचाळीस. जेट रडते अशा हवेत. तुया राग मात्र मस्त चढते."

मला रडता रडता हसू फुटलं. मग ते म्हणाले, "मी विद्यापीठाले लिहून राहिलो. रोज लिहितो. कंटाळून तरी दुसरा माणूस धाडतीन."

आणि खरंच धाडला. हिवाळ्यात पुन्हा तोंडी परीक्षा झाली, माझ्या एकटीची. नवे परीक्षक शांत, बारीक चष्म्याचे. त्यांनी तोच प्रश्न विचारला, मी तेच उत्तर दिलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. त्यांनी विचारलं, "गिधाडाचं हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?" म्हटलं, "चिखलदऱ्याला वाचलं." त्यांनी मार्क लिहिले, शेरा काही नाही. सरांनी सही केली आणि इतकी जोरानं केली की निब मोडलं. शेजारी लिहिलं, २६.

पुढे मला अकोल्यातच नोकरी मिळाली, मग एम.एस्सी. केलं, मग तिथल्याच कॉलेजात लागले. ते सगळं सांगत बसत नाही. साठ सालानंतर मोठी जेट विमानं आपल्याकडे आली, लोक त्यात बसून विलायतेला जाऊ लागले. आमच्या डोक्यावरून पांढरी रेघ ओढत एखादं जायचं तेव्हा मी मान वर करायची आणि मनात म्हणायची, निघालं असेल सकाळच्या गारव्यात.

सरांचं निवृत्तीचं वर्ष होतं. विद्यापीठानं बाहेरची परीक्षक म्हणून मला अमरावतीला पाठवलं. तीच प्रयोगशाळा, तीच खसची ताटी, तोच शिपाई, केस तेवढे पांढरे. सर वाकले होते, काठी होती. विद्यार्थ्यांसमोर मला म्हणाले, "या, मॅडम, बसा." मला कसंसंच झालं.

शेवटी एक अंजनगावची मुलगी आली. घनता, उदाहरण, आणि न विचारताच म्हणाली, "जेट विमान, मॅडम. उन्हात कमी चढते." मी विचारलं, "मग गिधाडं?" ती म्हणाली, "पोटावर झोपून पायली, मॅडम." मी सरांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

तिचा कागद मी भरला. मार्क लिहिले, सही केली, पर्समधून माझा थर्मामीटर काढला, सावलीत धरला, आणि सहीशेजारी लिहिलं, ४२. कागद सरांपुढे ठेवला.

सरांनी चष्मा लावला. आकडा पाहिला. मान वर करून भिंतीवरचा थर्मामीटर पाहिला. पेनाचं टोपण लावलं.

"मॅडम, चुकलं तुमचं. साडेत्रेचाळीस हाय. दुरुस्त करा, मंग माही सही."

"नाही करणार," मी म्हणाले.

शिपायाच्या हातातून पाण्याचं भांडं पडता पडता राहिलं. अंजनगावची मुलगी दारातच थबकली.

"काहून?"

"तुमचा थर्मामीटर उन्हात आहे, सर. खिडकीतून तिरीप येतेय त्याच्यावर. हवेला विचारायचं तर सावलीत जाऊन विचारा."

 मला वाटलं आता सर भडकणार. ते काठी टेकत उठले, भिंतीपाशी गेले आणि थर्मामीटरच्या लाकडावर तळहात ठेवला. लाकूड तापलेलं होतं. त्यांनी तो खिळ्यावरून काढला, दुसऱ्या भिंतीच्या सावलीत टांगला आणि स्टूल ओढून समोर बसले. पारा सावकाश उतरत होता. 

"बडनेऱ्याची गाडी चुकन तुमची," पाऱ्यावरची नजर न हलवता ते म्हणाले.

"चुकू द्या."

पारा थांबला. सर उठून टेबलाशी आले. पेन उघडलं. माझ्या सहीला लागून त्यांनी सही केली, आणि तिच्यापुढे लिहिलं, ४२.

"बरोबर हाय," सर म्हणाले, आणि कागद माझ्याकडे सरकवला.